तबल्याचं रियाज-कार्ड: पहिल्या बारा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

काम: तबला नव्याने धरलेल्यांसाठी घरच्या रियाजाचं एक कार्ड तयार करणं. पोस्टकार्डाएवढं, तबल्याच्या पिशवीत मावणारं. वर्ग आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी. उरलेले सहा दिवस शिकणारा एकटा असतो आणि हात घडतो किंवा बिघडतो तो तेव्हाच. तुकडीत नऊ वर्षांच्या मुलांपासून पन्नाशी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे आहेत. कार्ड सगळ्यांना एकच.

"घरी काय वाजवलं?" याला बहुतेक नवशिक्यांचं उत्तर सारखंच असतं: तीनतालाचा ठेका (सोळा मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, तालाचे ठरलेले बोल), पहिल्यापासून शेवटपर्यंत, जमेल तितक्या जोरात, कंटाळा येईपर्यंत. यात पहिल्या दिवशीची चूक सहाव्या दिवशी पक्की होते, कारण तीही त्याच्यासोबत शंभरदा घोटली जाते.

कार्डाचा पहिला खर्डा अकरा ओळींचा झाला आहे. जास्त वाटतोय, पण आज काय गाळायचं ते ठरत नाही. वेळ मात्र ठरली: रोज २० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. शनिवारी रात्री दोन तास बसून भरपाई चालणार नाही. बोटांना शिकवलेली हालचाल झोपेत मुरते, म्हणून सहा छोट्या बैठकींमागे सहा रात्री मिळतात आणि एका लांबलचक बैठकीमागे एकच. शिवाय नवखा हात अर्ध्या तासात आखडतो. त्यापुढचं सगळं वाजवणं आखडलेल्या हाताचं.

बोल (हाताने काढायची तबल्याची अक्षरं) सुरू करण्याआधी तबला आणि डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) यांच्या जोड्या तपासल्या. सापडलेले दोष: चुंबळ (वाद्याखालचं कापडी कडं) सैल, त्यामुळे प्रत्येक आघाताला तबला फिरतो. डग्गा तबल्यापेक्षा चार बोटं उंच. बसायला मऊ गादी, म्हणून कंबर खचलेली आणि खांदे वर. नखं वाढलेली. चुंबळीला जुन्या सुती साडीचा घट्ट पीळ चांगला बसतो. दोन्ही वाद्यांची तोंडं साधारण एका पातळीत हवीत, तबल्याचं किंचित पुढे कललेलं. मांडी घालून पाठ वाकत असेल तर बैठकीखाली घोंगडीची घडी घ्यायची.

८ जून, रविवार

पहिला आठवडा फक्त "ना". पालकांना हे थोडं वाटतं. आम्हाला थोडं वाटत नाही.

निकास (बोल काढायची रीत) असा: अनामिकेचं टोक शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेवर हलकं टेकलेलं, करंगळी तिच्या शेजारी, मधलं बोट उचललेलं, तर्जनी चाटेवर (कडेच्या चामडी पट्टीवर) आपटून लगेच परत. तर्जनी दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त उचलायची गरज नाही.

अनामिकेचं काम मुलांना एकदा समजावून सांगितलं की हात लवकर सुधारतो. काहीच टेकलेलं नसताना पुडी (तोंडावरचं चामडं) सबंध एकदम खाली-वर होते, तो "तूं". अनामिका टेकली की ती सबंध हालचाल दबते आणि त्या रेषेच्या दोन बाजू आळीपाळीने कंप पावतात. आवाज वरचा, धारदार येतो, तो "ना". साध्या चामड्याच्या ढोलात हे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्यात जुळतात ते मधल्या शाईच्या वजनामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं.

बिघडतं कसं:

आवाज "टक्" असा मेलेला येतो, तेव्हा तर्जनी चाटेवरच राहिलेली असते. गरम तव्याला बोट लागल्यासारखं परत आलं पाहिजे, एवढं सांगितलं की पुरतं.

आवाज येतो पण आस (मागे रेंगाळणारा नाद) तुटकी असते, तेव्हा अनामिका दाबलेली असते. तपासणी: "ना" वाजवून अनामिकेखाली कागदाचा कपटा सरकवून बघायचा. तो सहज सरकला तर दाब ठीक.

"ना" मध्येच "तूं"सारखा घुमतो, तेव्हा अनामिका आघाताच्या क्षणी उचलली गेलेली असते. लहान हातांत हे फार. त्यांची तर्जनी चाटेपर्यंत पोचताना पंजा ताणतो आणि अनामिका सुटते. मोठ्या तोंडाचा, खर्जाचा तबला घरात वारशाने आला असेल तर मुलाला तो देऊ नये. साडेपाच इंचांच्या आसपासचं तोंड, काळी एकचा स्वर, इथून सुरुवात बरी.

कार्डावर या आठवड्यापुरती एकच सूचना: १६ "ना", थांबा, ऐका, पुन्हा १६. असे दहा फेरे.

११ जून, बुधवार

यंदा मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन बसला, त्यामुळे आठवडाभर एकच तक्रार: "तबला उतरलाय." दमट हवेत चामडं ओलावा घेतं, सैल पडतं, स्वर खाली येतो. यावर घरोघरी हातोडी चालली आहे, आणि नुकसान त्यातच आहे. पावसात ठोकून चढवलेली पुडी चार दिवसांनी उघडीप पडली की आणखी ताणते आणि गजऱ्यालगत (कडेच्या विणलेल्या चामडी गोफालगत) फाटते.

ठरवलेला नियम: पावसाळ्यात नवशिक्याने तबल्याच्या मागे धावू नये. तबला ज्या स्वराला आहे त्या स्वराला तानपुऱ्याचं किंवा लेहऱ्याचं (तालाच्या मापाच्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेचं) ॲप खाली आणावं. सुरात हवं ते एवढंच, की सोळा घरं (कडेचे सोळा भाग) एकमेकांशी जुळलेली असावीत.

ते जुळवायचं असं. एका घरावर "ना" वाजवून स्वर डोक्यात धरायचा, मग समोरचं घर, म्हणजे पहिल्यानंतर नववं, मग पाचवं, मग तेरावं. उरलेली मधली घरं त्यानंतर. एका बाजूने ओळीने ठोकत गेलं तर पुडी एकीकडे ओढली जाते. घाव गजऱ्यावर, कधीही पुडीवर नाही. वरून खाली ठोकलं की स्वर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. फरक फारच मोठा असेल तर चामडी वाद्यांखालचे (पट्ट्यांखालचे) आठ लाकडी गठ्ठे खाली सरकवावे लागतात, ते काम पहिल्या वर्षात शिक्षकाकडेच ठेवावं.

पुडी वाळवायला उन्हात, हीटरसमोर किंवा गॅसजवळ ठेवू नये. शाई तडकते, आणि तडकलेली शाई भरून घ्यायची म्हणजे तबलेवाल्याकडे फेरी. जाड सुती गवसणी आणि भिंतीपासून दूर, कोरडी जागा एवढं बस आहे.

१५ जून, रविवार

पढंत. वाजवण्याआधी बोल तोंडाने, हाताने टाळी-खालीसह (खाली म्हणजे टाळीऐवजी हात नुसता हलवायची जागा). तीनताल: टाळी १, ५ आणि १३ला, खाली ९ला. मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर.

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

तोंड अडखळतं तिथेच हात अडखळतो. हे इतकं नेमाने घडतं की पढंत ऐकून वाजवण्यातली चूक आधीच सांगता येते. तेराव्या मात्रेला बहुतेक जण "धा" म्हणून टाकतात. तिथे डग्ग्याविना "ता" आहे, डग्गा चौदाव्याला परत येतो. पढंतीत हे सुधारायला दोन मिनिटं लागतात, हातात एकदा बसल्यावर दोन आठवडे.

दुसरी गफलत छापील पुस्तकांमुळे. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला ० अशी खूण असते. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + असते. दोन वेगवेगळी पुस्तकं घरात असली की मुलं + आणि × एकच समजतात आणि खालीच्या जागी सम धरतात. कार्डावर खुणा न देता सरळ "सम" आणि "खाली" हे शब्दच लिहायचे ठरले. परीक्षेची तयारी सुरू झाली की दोन्ही पद्धती शिकता येतीलच.

पढंतीचा भाग रोज ३ मिनिटं. वाजवण्याच्या आधी, नंतर नाही.

२२ जून, रविवार

डावा हात. तुकडीतला सर्वांत दुर्लक्षित अवयव.

"गे": मनगटाचा तळ शाईमागच्या रुंद लवेवर (शाई आणि चाट यांमधल्या चामड्यावर) टेकलेला, बोटं कमानीसारखी वाकलेली, आघात शाईच्या पलीकडच्या लवेवर, बोटांच्या टोकाने. दोन चुका सतत दिसतात. मनगट प्रत्येक वेळी उचललं जातं, त्यामुळे "गे" ढोलावर थाप मारल्यासारखा फुटतो. किंवा बोटं सरळ राहतात, आणि मग घुमारा निघतच नाही.

दाब देऊन आवाज वर नेण्याची गंमत मुलांना फार आवडते, आणि पहिल्या तीन महिन्यांत तीच अडथळा होते. प्रत्येक "गे"ला मनगट पुढे सरकवायची सवय लागली की ठेक्याला सरळ, स्थिर "गे" मिळतच नाही. कार्डावर लिहिलं: मनगट टेकलेलं, सरकवायचं नाही.

घाम येणाऱ्या हाताला चिमूटभर पावडर, मनगटाच्या तळाला. शाईवर पावडर सांडू द्यायची नाही, घामात मिसळून तिचा लेप बसतो.

डाव्या हाताचा वेळ ३ मिनिटांवरून ५ केला. उजवा हात लिहितो, जेवतो, कुलूप उघडतो, डाव्याला तेवढा सराव कुठे असतो. डावखुऱ्यांसाठी जोडीची बाजू बदलली आणि हीच ओळ उलट वाचायला सांगितली.

२५ जून, बुधवार

सोसायटीतल्या शेजाऱ्यांचा प्रश्न. दुपारी झोपेच्या वेळी आणि रात्री उशिरा पुडीवर दुहेरी सुती रुमाल टाकून रियाज चालेल. रुमालावर क्रम आणि लय तपासता येते, आस तपासता येत नाही, म्हणून तो दिवस वहीत "रु" असा नोंदवायचा आणि सलग दोन दिवस "रु" नको. उशीवर वाजवायचा सल्ला बरेच जण देतात. तो मोडीत काढला. उशी बोटाला उसळी देत नाही, मग बोट दाबून वाजवायला शिकतं, आणि "ना"च्या आठवड्यात केलेलं सगळं धुऊन जातं.

२९ जून, रविवार

लय. इथे कार्ड सगळ्यांत जास्त वेळा खोडून लिहिलं.

सुरुवात मिनिटाला ६० मात्रांनी. म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन (पूर्ण फेरी) १६ सेकंदांचं आणि पाच आवर्तनं ८० सेकंदांची. नियम: सलग पाच आवर्तनं स्वच्छ गेली तर लय ४ने वाढवायची. एकाच जागी दोनदा अडखळलं तर ८ने खाली यायचं. एका दिवसात वरच्या दोनच पायऱ्या. दुसऱ्या दिवशी काल जिथे थांबलो त्याच्या ४ खालून सुरुवात.

पहिल्या खर्ड्यात पायरी १०ची होती. ६० वरून ७०, ७० वरून ८०. त्यात मुलांचा हात ८०ला घट्ट व्हायचा आणि घट्टपणा वेग समजला जायचा. ४ची पायरी हाताला कळतच नाही, हेच तिचं काम.

"स्वच्छ" म्हणजे काय तेही लिहावं लागलं, कारण प्रत्येकाचं स्वच्छ वेगळं. तीन कसोट्या: प्रत्येक "ना"ची आस ऐकू आली, प्रत्येक "धा" एकच आवाज आला (डावा-उजवा मागेपुढे होऊन "ध-धा" नाही), आणि शेवटी खांदे खालीच होते.

काहींना ६० ही लय ९०पेक्षा अवघड जाते. खरंच जाते. दोन मात्रांमधली पोकळी कशाने भरायची ते माहीत नसतं, म्हणून हात आधीच पडतो. अशांना मेट्रोनोमची क्लिक १२०वर लावून दर दुसऱ्या क्लिकला बोल वाजवायला दिला. आठवड्याभरात मधली क्लिक काढता येते.

पुढे क्लिक विरळ करत जायची: प्रत्येक मात्रेला, मग एक सोडून एक, मग फक्त विभागाच्या (चार मात्रांच्या गटाच्या) पहिल्या मात्रेला. शेवटची पायरी ८०च्या लयीवर करावी. तिथे दर चार मात्रांना एक, म्हणजे मिनिटाला २० क्लिक लागतात. त्याखाली बरीच ॲप जातच नाहीत.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, वर्ग नाही. घरचं काम ऐकण्याचं: एखादा अभंग लावा, पखवाज किंवा तबल्यावर लक्ष ठेवा, ठेका कुठे पुन्हा सुरू होतो ते ओळखून फक्त समेला टाळी द्या. टाळांचा आवाज समेवर असतोच असं नाही, त्यामुळे टाळांच्या मागे गेलेला फसतो. हे फसणंही हवं आहे.

१३ जुलै, रविवार

कार्ड छाटलं. अकरा ओळींपैकी घरी कुणीही पाच-सहांच्या पुढे जात नाही, आणि जी ओळ वाचलीच जात नाही ती शाई वाया. दादरा आणि झपताल हे ताल काढले. केरवा ठेवला, गणपती जवळ आले आहेत. आता सहा ओळी.

कायदा (ठरलेल्या बोलांची, पुढे फिरवून वाढवता येणारी रचना) सुरू:

धाधा तिट धाधा तूना | ताता तिट धाधा धिना

आधी एका मात्रेला एक बोल, म्हणजे सगळा कायदा १६ मात्रांचा. मग दुगुनीत (दुप्पट वेगात) ८ मात्रांचा, एका आवर्तनात दोनदा.

दिल्लीच्या या साध्या कायद्यात नवशिक्याला लागणारं जवळपास सगळं आहे: खुला बोल, बंद बोल, दोन हात एकदम, एक हात एकटा, भरी (डग्ग्यासह) आणि खाली (डग्ग्याविना). चार कायदे अर्धवट येण्यापेक्षा हा एक बारा आठवड्यांत नीट यावा, यावर आमच्यात एकमत आहे. पालकांशी नाही.

नेहमीची चूक: खालीत "ताता" म्हणताना डावा हात वाजतच राहतो आणि "धाधा" ऐकू येतो. उपाय दोन टप्प्यांत. तीन फेरे डावा हात सरळ मांडीवर ठेवून उजव्यानेच खाली वाजवायची. मग डावं मनगट डग्ग्यावर टेकवून बोटं उचलून धरायची. मांडीवरच ठेवत राहिलं तर "धाधा धिना"ला परत येताना हात उशिरा पोचतो, म्हणून पहिला टप्पा एका दिवसापुरताच.

२० जुलै, रविवार

रोज शेवटची दोन मिनिटं ध्वनिमुद्रण. फोन तबल्यापासून हातभर लांब, जमिनीवर नको, स्टुलावर. जमिनीवर ठेवला की आघातांचे धक्के मुद्रणात उतरतात. ३० सेकंद पुरे. ऐकताना इअरफोन लावायचे, कारण फोनच्या छोट्या स्पीकरला डग्ग्याचा खर्ज काढताच येत नाही. नुसत्या फोनवर ऐकून "माझा डावा वाजतच नाही" असं ठरवून तो जोरात बडवणारे निघाले.

ऐकून वहीत एकच ओळ लिहायची, आणि ती जागा सांगणारी हवी. "आज बरं झालं" चालणार नाही. "तिटनंतरचा धा उशिरा" चालेल. वहीतली ही ओळ म्हणजे उद्याच्या रियाजाची पहिली पाच मिनिटं. एवढ्या एका बदलाने "आज काय वाजवू?" हा प्रश्न बंद झाला.

२३ जुलै, बुधवार

दुखण्याची नोंद. तर्जनीच्या कडेला हुळहुळणं आणि मग घट्टा पडणं, चालतं. मनगटात किंवा कोपरापासून हातापर्यंत ओढ लागली तर त्या दिवशी फक्त पढंत. दुसऱ्या दिवशीही ओढ राहिली तर पहिल्यांदा बैठकीची उंची बघायची. कोपर तोंडाच्या पातळीपेक्षा खाली असलं की मनगट मोडून वाजवावं लागतं. दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांकडे.

२७ जुलै, रविवार

सांधे, म्हणजे एका बोलावरून पुढच्यावर जाण्याच्या जागा. या प्रकल्पातली सगळ्यांत कामाची ओळ बहुधा हीच.

मुलं म्हणतात, "मला तिट येत नाही." त्यांना तिट येतो. एकटा तिट वाजवायला सांगितला की नीट वाजतो. एकटा धाही वाजतो. बिघडतो तो तिटमधून धावर जाण्याचा क्षण. कारण उघड आहे: "ट" वाजवताना तर्जनी शाईच्या मध्यावर आलेली असते आणि अनामिका उचललेली. पुढच्याच बोलाला तर्जनीने चाटेवर जायचं, अनामिकेने शाईच्या कडेवर परत टेकायचं आणि डाव्यानेही त्याच क्षणी पडायचं. तीन कामं एका फटीत. त्यात अनामिका उशिरा पोचते आणि "धा" धुरकट येतो.

अशा जागी पूर्ण कायदा पुन्हा पुन्हा वाजवणं म्हणजे एका खड्ड्यासाठी सबंध रस्ता झाडणं. कार्डावरची पद्धत:

"ट धा", मध्ये पूर्ण थांबून, ८ वेळा.
"तिट धा", ८ वेळा.
"धा तिट धा", ८ वेळा.
मग "धाधा तिट धाधा", आणि शेवटी सबंध ओळ.

लय त्या दिवशीच्या लयीच्या निम्मी. थांबायचं ते "ट"नंतर, आणि त्या थांब्यात हात पुढच्या जागेवर नेऊन ठेवायचा. वाजवायचं नंतर. जागेवर आधी पोचणं आणि मग आघात, ही दोन कामं वेगळी केली की सांधा सुटतो.

दुसरा सांधा "तूना". तूंला अनामिका वर, नाला खाली. ती खाली आली नाही तर "तूतू" असं काहीतरी वाजतं आणि ओळीचा शेवट घुमत राहतो. तिसरा, "धिना"नंतर पुन्हा पहिल्या "धाधा"वर येणं. हा बऱ्याच जणांकडून सुटतो, कारण ओळ कागदावर संपते तिथे तेही थांबतात. वहीत कायदा गोल आकारात लिहायला सांगितल्यावर हा थांबा बराच कमी झाला.

क्रमही बदलला. रोज डावा, उजवा, कायदा, ठेका याच क्रमाने गेलं की पहिलं ताजेपणी होतं आणि शेवटचं उरकलं जातं. आता सोम-बुध-शुक्र कायदा आधी, मंगळ-गुरु-शनि ठेका आधी. पढंत मात्र कायम पहिली.

३ ऑगस्ट, रविवार

क्लिक सोडून लेहरा. मुलांना वाटतं लेहरा म्हणजे सोबतीचं गाणं, म्हणून ते त्याच्याबरोबर वाहतात. पहिले दोन दिवस वाजवायचंच नाही, नुसतं टाळी-खाली धरायची. समेचा स्वर ओळखता आला की मग ठेका, मग कायदा.

दुगुनीची कसोटी: हाताने मूळ लयीची टाळी, तोंडाने दुगुन. टाळी जलद झाली तर दुगुन आलेली नाही, फक्त घाई आली आहे. घाई आणि दुगुन यातला फरक हातावर कळण्याआधी टाळीवर कळतो. कायद्याची चौगुन (चौपट वेग) या बारा आठवड्यांत नाही. विचारणारे विचारतात.

पलटा (कायद्याच्याच बोलांची फिरवाफिरव) एकच दिला:

धाधा तिट धाधा तिट | धाधा तिट धाधा तूना
ताता तिट ताता तिट | धाधा तिट धाधा धिना

दुगुनीत बरोबर एक आवर्तन. सांधे तेच, फक्त जास्त.

१० ऑगस्ट, रविवार

सणांचा आठवडा, खाडे झाले. खाड्याचा नियम कार्डावर नव्हता, तो घातला: एक दिवस चुकला तर काही नाही. तीन चुकले तर लय १२ने खाली आणून सुरुवात. आठवडा गेला तर दोन दिवस फक्त "ना" आणि "गे". चुकलेले दिवस भरून काढायला वेळ दुप्पट करायचा नाही. खाड्यानंतरच्या पहिल्याच दिवशी तासभर बसणारे दुसऱ्या दिवशी हात धरून बसतात.

अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर शिकणाऱ्यांसाठी वेगळी टीप. कॉलची ॲप माणसाच्या आवाजासाठी बनलेली, त्यामुळे तबल्याची आस त्यांना गोंगाट वाटते आणि ती कापून टाकतात. झूमवर "ओरिजिनल साउंड" चालू करून आवाजाची सफाई बंद करावी. तरीही एकत्र वाजवता येत नाही, आवाज पोचायला लागणारा क्षण लयीला पुरेसा घातक असतो. तिकडच्यांनी मुद्रण आधी पाठवायचं, तासात बोलायचं त्यावर. एक फायदाही दिसला: मुद्रण पाठवायचं असतं म्हणून त्यांची रोजची शेवटची दोन मिनिटं कधी चुकत नाहीत. आणखी एक, तिकडे हिवाळ्यात घरातल्या हीटिंगमुळे हवा कोरडी पडते आणि पुडी चढते. आपल्या पावसाच्या बरोबर उलट. म्हणून हातोडीची टीप त्यांना उलटी करून दिली.

१७ ऑगस्ट, रविवार

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा. खालीपासून सुरू होणारी, हिशेबाला सोपी:

९ तिटकत, १० गदिगन, ११ धा
१२ तिटकत, १३ गदिगन, १४ धा
१५ तिटकत, १६ गदिगन, सम धा

दोन बोलसमूह आणि एक धा, म्हणजे तीन मात्रा. तीनदा म्हटल्यावर नऊ, आणि नववी मात्रा समेवर. आधी आकडे म्हणत टाळी, मग पढंत, मग हात. चूक नेहमीची एकच: अकराव्या आणि चौदाव्या मात्रेच्या "धा"ला पूर्ण मात्रा न देता पुढे पळणं. मग सम एक मात्रा आधीच येते आणि मूल ठेका तिथूनच सुरू करतं, काही झालंच नाही अशा थाटात. उपाय: त्या दोन "धा"नंतर हात पुडीवरून वर उचलून धरायचा, बोटं मोकळी. रिकाम्या हाताला घाई कमी असते.

एका मात्रेत चार बोल बसवायचे असल्याने लय ४०वर. यापेक्षा वर या महिन्यात नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कार्ड पाचव्यांदा लिहिलं. चार ओळी उरल्या:

पढंत ३ मिनिटं, टाळीसह.
काल वहीत लिहिलेला सांधा, निम्म्या लयीत, ५ मिनिटं.
कायदा आणि ठेका, एक दिवस हा आधी, एक दिवस तो, १० मिनिटं. पाच स्वच्छ, ४ वर. दोन चुका, ८ खाली.
मुद्रण ३० सेकंद, ऐकून एक ओळ.

"ना" आणि "गे"चे स्वतंत्र फेरे काढले, ते आता सांध्यात येतात. नव्या तुकडीच्या पहिल्या चार आठवड्यांसाठी मात्र ते वेगळ्या कार्डावर राहतील.

बुधवारी गणेश चतुर्थी. आरत्यांना तबला घेऊन बसणाऱ्यांसाठी सूचना आजच दिल्या. केरवा (धागे नति नक धिन), तोही साधा. झांजा आणि टाळ्यांत तबला ऐकू येणार नाही, हे गृहीत धरायचं. ऐकू यावा म्हणून जोर लावला की बारा आठवड्यांचा "ना" दहा दिवसांत जातो. माइक असेल तर डग्ग्याजवळ नको, तबल्याच्या चाटेकडे वळवलेला. आरत्या हमखास चढत्या लयीत जातात. लय हाताबाहेर गेली तर "धागे" आणि "धिन" एवढंच धरून मधलं सोडायचं. धूप, कापूर, ओले हात आणि प्रसादाचं ताट यांपासून पुडी लांब. आरती संपली की लगेच गवसणी.

उत्सवाच्या दिवसांत रियाज १० मिनिटांचा: पढंत आणि सांधा. आरतीला वाजवलेला वेळ रियाजात धरायचा नाही.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. ७ तारखेच्या वर्गात पहिलं काम जोड्या तपासण्याचं: घरं जुळली आहेत का, शाईला चीर आहे का, चुंबळ बसली आहे का. मग १६ "ना", थांबून, ऐकून.